अमेरिकन मसल कारच्या चाहत्यांसाठी संग्राह्य वस्तू आणि भेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसल कार नेमकी कशाला म्हणतात?

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि तरुणांना परवडेल अशा गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवून अमेरिकन कंपन्यांनी १९६० च्या दशकात जी वेगवान वाहने विकली, त्यांना मसल कार म्हणतात. या प्रकाराचा आरंभ सर्वसाधारणपणे १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरला जातो. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवता येत नसे. जनरल मोटर्सचाच भाग असलेल्या पॉन्टियाकचे तत्कालीन मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवरचा जादा पर्याय म्हणून देऊ केले आणि तो नियम शिताफीने ओलांडला. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. त्यानंतर शेव्हरोले शेव्हेल एसएस, ओल्ड्समोबाइल ४-४-२, ब्यूइक जीएस, डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर अशी मालिकाच सुरू झाली.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सादर झालेली फोर्ड मस्टँग आकाराने लहान असल्यामुळे तिला आणि तिच्या स्पर्धक कॅमॅरो, चॅलेंजर यांसारख्या गाड्यांना काटेकोर अभ्यासक ‘पोनी कार’ म्हणतात. शेव्हरोले कॉर्व्हेट ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. भेटवस्तूंच्या बाजारात मात्र या सर्व गाड्या एकत्रच मांडलेल्या असतात आणि बहुतेक चाहत्यांना त्याचे वावडे नसते.

या युगाचा शेवटही लक्षात ठेवावा. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विमा कंपन्यांनी तरुण चालकांवर लादलेले वाढीव हप्ते, १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी केलेले इंजिनांचे कॉम्प्रेशन आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हा प्रकार जवळपास संपला. त्यामुळे ‘अस्सल मसल कार युगातील’ असे सांगून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील वस्तू कोणी विकत असेल, तर तो दावा तपासून घ्यावा.

भेट निवडण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

कंपनी, मॉडेल आणि वर्ष या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्याच क्रमाने. या छंदातील निष्ठा फार तीव्र असते. फोर्डच्या चाहत्याला शेव्हरोलेच्या चिन्हाचा चहाचा मग दिला, तर तो कितीही सुंदर असला तरी कपाटातच राहतो. डॉज, प्लिमथ आणि क्रायस्लर या भावंडांचे चाहते मात्र स्वतःला एकत्रितपणे ‘मोपार’वाले म्हणवतात, क्रायस्लरच्या सुट्या भागांचे हे नाव १९३७ पासूनचे आहे, आणि मोपारचे चिन्ह असलेली वस्तू यांपैकी कोणालाही चालते.

वर्षाला इतके महत्त्व का, असा प्रश्न पडू शकतो. त्या काळात अमेरिकन कंपन्या दरवर्षी गाडीचा चेहरामोहरा बदलत असत. १९६४ च्या जीटीओचे पुढचे दिवे आडवे, शेजारीशेजारी आहेत, तर १९६५ च्या गाडीत ते एकावर एक आहेत. ज्याच्या वडिलांकडे १९६५ ची गाडी होती, त्याला १९६४ ची प्रतिकृती ही दुसरीच गाडी वाटते. माझे ठाम मत आहे की नेमक्या वर्षाची, नेमक्या रंगाची छोटी गाडी ही चुकीच्या वर्षाच्या महागड्या मॉडेलपेक्षा कितीतरी मोलाची भेट ठरते. ज्यांना विचारणे शक्य नसेल, त्यांनी त्या व्यक्तीच्या भिंतीवरील चित्रे, संगणकाच्या पडद्यावरील छायाचित्र किंवा जुने अल्बम पाहावेत. उत्तर बहुधा तिथेच मिळते.

१:१८, १:२४, १:६४ या आकड्यांचा अर्थ काय, आणि कोणते प्रमाण निवडावे?

हे मूळ गाडीशी असलेले आकाराचे प्रमाण आहे. १९६९ ची डॉज चार्जर सुमारे ५.२८ मीटर लांब होती. तिची १:१८ प्रतिकृती २९ सेंटिमीटरच्या आसपास, १:२४ प्रतिकृती २२ सेंटिमीटर, १:४३ प्रतिकृती १२ सेंटिमीटर आणि १:६४ प्रतिकृती ८ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्या ठरलेल्या मापाच्या पाकिटात बसवण्यासाठी लहानमोठ्या केल्या जात असल्यामुळे त्यांच्याबाबतीत १:६४ हा आकडा ढोबळ मानावा.

बॉनेट उघडून इंजिन दाखवण्याची हौस असेल तर १:१८ घ्यावे. या प्रमाणात एर्टल कंपनीची ‘अमेरिकन मसल’ ही मालिका फार लोकप्रिय झाली, आणि आज ऑटो वर्ल्ड, ॲक्मे, ग्रीनलाइट या कंपन्या चांगले काम करतात. १:२४ मध्ये फ्रँकलिन मिंट आणि डॅनबरी मिंट यांची जुनी मॉडेल्स बारकाव्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मुंबई-पुण्यातील सदनिकांत मात्र जागेचा प्रश्न खरा असतो. वीस-पंचवीस मोठी मॉडेल्स ठेवायला भिंतभर कपाट लागते, तर तितक्याच १:६४ गाड्या एका चौकटीत मावतात.

प्रतिकृती अचूक आहे की नाही, हे कसे ओळखावे?

खोक्यावर ‘अचूक’ असे छापलेले असते, पण ते वाचून समाधान मानू नये. काही खुणा कोणालाही तपासता येतात.

पहिली खूण कडेच्या दिव्यांची. अमेरिकेतील सुरक्षा नियमांमुळे १९६८ च्या मॉडेल वर्षापासून गाड्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूंना, चाकांच्या पलीकडे, छोटे दिवे किंवा परावर्तक आले. १९६७ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या मस्टँगवर किंवा कॅमॅरोवर असे दिवे असतील, तर साचा वेगळ्या वर्षाचा आहे. कॅमॅरोच्या बाबतीत आणखी एक पुरावा मिळतो : १९६७ च्या गाडीला दाराच्या काचेपुढे छोटी त्रिकोणी काच आहे, १९६८ च्या गाडीला ती नाही.

दुसरी खूण चार्जरची. १९६८, १९६९ आणि १९७० या तिन्ही वर्षांचा सांगाडा एकच असल्याने स्वस्त मॉडेल बनवणारे त्यांची सर्रास सरमिसळ करतात. १९६८ च्या गाडीचे मागचे दिवे गोल, जोडीजोडीने आहेत. १९६९ मध्ये ते लांबट झाले आणि पुढच्या जाळीच्या मधोमध एक विभाजक पट्टी आली. १९७० मध्ये ती पट्टी गेली आणि जाळीभोवती क्रोमचा अखंड बंपर आला.

तिसरी खूण, आणि मला सर्वांत आवडणारी, इंजिनाच्या रंगाची. शेव्हरोलेची व्ही-८ इंजिने नारिंगी रंगाची असत, फोर्डची १९६६ पासून गडद निळी, पॉन्टियाकची फिकट निळी, आणि क्रायस्लरचे ४२६ घनइंचांचे प्रसिद्ध हेमी इंजिन झळाळत्या नारिंगी रंगात येई. बॉनेट उघडल्यावर मस्टँगमध्ये नारिंगी इंजिन दिसले, तर इतर तपशीलही घाईत उरकलेले असण्याची शक्यता मोठी असते.

बाहेरच्या रंगाबाबत क्रायस्लरने या काळात विलक्षण धाडस दाखवले. एकाच जांभळ्या छटेला डॉजवर ‘प्लम क्रेझी’ आणि प्लिमथवर ‘इन-व्हायोलेट’ असे नाव होते, तर भडक पोपटी रंग डॉजवर ‘सबलाइम’ आणि प्लिमथवर ‘लाइमलाइट’ म्हणून विकला जाई. चांगला उत्पादक खोक्यावर कारखान्याचे हेच नाव छापतो. ‘प्लम क्रेझी’ रंगाची प्लिमथ बॅराकुडा असे लिहिलेले दिसले, तर लिहिणाऱ्याने पुरेसा अभ्यास केलेला नाही.

उंच पंखाच्या दोन गाड्यांबद्दलही नेहमी गोंधळ होतो. १९६९ ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड या दोन्ही शर्यतींसाठी घडवलेल्या, टोकदार नाकाच्या गाड्या आहेत. सुपरबर्डच्या छतावर विनाइलचे आच्छादन असते आणि पंखावर रोड रनर पक्ष्याचे चित्र असते.

हॉट व्हील्सच्या जुन्या गाड्यांना इतकी किंमत का येते?

मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये हॉट व्हील्सची पहिली सोळा मॉडेल्स बाजारात आणली. त्यांत कस्टम कॅमॅरो, कस्टम मस्टँग, कस्टम बॅराकुडा, कस्टम फायरबर्ड आणि कस्टम कूगर होत्या, म्हणजे मसल आणि पोनी गाड्या त्या वेळी शोरूममध्ये नव्या असतानाच त्यांची खेळणी मुलांच्या हातात पडली. त्यांचे रेखाटन करणारे हॅरी ब्रॅडली जनरल मोटर्समधून आले होते. चकचकीत केलेल्या धातूवर पारदर्शक रंग देण्याच्या ‘स्पेक्ट्राफ्लेम’ पद्धतीमुळे त्या गाड्यांना जी झळाळी होती, ती साध्या रंगाने येत नाही. चाकांवर लाल रेघ असे, कारण खऱ्या जीटीओसारख्या गाड्यांच्या टायरवरही त्या काळी तशीच रेघ असे. ही ‘रेडलाइन’ चाके १९७७ पर्यंत चालली आणि संग्राहक आजही त्या काळातील गाड्यांना त्याच नावाने ओळखतात.

किंमत रंग, अवस्था आणि पाकीट यांवर ठरते. गुलाबी रंग मुलांनी कमी घेतला, म्हणून आज तो दुर्मीळ आहे. प्रत्येक गाडीसोबत पत्र्याचा एक छोटा बिल्ला येत असे. तो सोबत असल्यास आनंद दुणावतो.

फसवणूकही याच विभागात सर्वाधिक होते. झिजलेली गाडी उघडून, नव्याने रंगवून, नक्कल चाके लावून मूळ म्हणून विकली जाते. गाडी उलटी करून तळाचा पत्रा जोडणारे रिव्हेट पाहावेत. ते ड्रिलने उघडल्याच्या खुणा असतील, तर ती दुरुस्त केलेली गाडी आहे आणि तिची किंमत तशीच धरावी. पन्नास वर्षांच्या मूळ रंगावर बहुधा सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके असतात. ते अजिबात नसलेली, अतिस्वस्त गाडी संशयास्पद मानावी. भारतात पूर्वी ‘लिओ मॅटेल’ या नावाने तयार झालेल्या हॉट व्हील्स गाड्याही आता संग्राहक शोधतात, आणि आपल्याकडील जुन्या घरांच्या माळ्यावर त्या अजून निघू शकतात.

‘ट्रेझर हंट’ म्हणजे काय?

१९९५ पासून मॅटेल आपल्या नेहमीच्या गाड्यांत काही खास गाड्या मिसळून पाठवते. पहिल्या वर्षी अशी बारा मॉडेल्स होती आणि प्रत्येकाच्या १०,००० प्रती निघाल्या. २००७ पासून त्यांत एक वरची श्रेणी आली. तिच्यावर स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर असतात. ही गाडी दुकानात इतर गाड्यांच्याच किमतीला मिळते, त्यामुळे ती भेट म्हणून देणाऱ्याच्या चिकाटीचे कौतुक होते. पुनर्विक्रेत्याकडून कित्येक पट किमतीला ती विकत घेण्याची मात्र मी शिफारस करत नाही. त्या पैशात उत्तम १:१८ मॉडेल येते.

डीलरच्या शोरूममधील ‘प्रोमो’ मॉडेल्स कोणती?

गाडी पाहायला आलेल्या ग्राहकासाठी किंवा त्याच्या मुलांसाठी अमेरिकन डीलर १:२५ प्रमाणातील प्लॅस्टिकच्या गाड्या ठेवत असत. ए.एम.टी., एम.पी.सी. आणि जो-हान या कंपन्या कार उत्पादकांच्या संमतीने त्या बनवत आणि बहुधा खऱ्या कारखान्याच्या रंगातच देत. त्या वर्षीच्या गाडीचा, त्याच वर्षी तयार झालेला हा समकालीन दस्तऐवज असल्यामुळे जाणकार संग्राहक प्रोमोला नव्या मॉडेलपेक्षा वरचे स्थान देतात, आणि मलाही ते योग्य वाटते.

१९५० च्या दशकातील प्रोमो ॲसिटेट प्लॅस्टिकचे असल्याने काळाच्या ओघात वाकतात. मसल कार युगातील प्रोमो स्टायरीनचे असल्याने त्यांचा आकार टिकून राहतो. खरेदी करताना एकच काळजी घ्यावी : त्याच साच्यांतून जोडणीचे संचही निघत, आणि एखाद्या मुलाने जोडून रंगवलेला संच कधी कधी प्रोमो म्हणून विकला जातो. गोंदाचे डाग आणि ब्रशचे फराटे दिसले की शंका घ्यावी.

ज्यांच्याकडे खरी गाडीच आहे, त्यांना काय द्यावे?

त्यांच्याच गाडीचा इतिहास द्यावा. याहून चांगली भेट मला माहीत नाही. १९६७ आणि त्यानंतरच्या फोर्ड, मर्क्युरी, लिंकन गाड्यांसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ मिळतो. कंपनीच्या मूळ उत्पादन-नोंदींवरून ती विशिष्ट गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह, कोणत्या डीलरसाठी तयार झाली, हे त्यात नमूद असते. पॉन्टियाकसाठी ‘पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ही संस्था कारखान्याच्या बिलाची प्रत देते. दोन्हींसाठी गाडीचा ओळख क्रमांक लागतो. तो गुपचूप मिळवायचा असेल, तर मालकाच्या घरच्यांची मदत घ्यावी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोले गाड्यांसाठी अशी सोय नाही, म्हणून त्यांच्या मालकांना वॉरंटीसोबत मिळणारी ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची छोटी पट्टी प्राणप्रिय असते.

नव्या गाडीच्या काचेवर किंमत आणि सुविधांचे पत्रक लावणे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेत सक्तीचे झाले, आणि तो मांडणाऱ्या सिनेटर मन्रोनी यांच्या नावानेच ते पत्रक ओळखले जाते. त्याची हुबेहूब प्रत छापून देणारे व्यावसायिक आहेत. ती प्रत आहे असे स्पष्ट सांगून दिली, तर प्रदर्शनात गाडीशेजारी ठेवायला फार शोभते.

जुन्या जाहिराती आणि माहितीपुस्तिका संग्राह्य आहेत का?

नक्कीच आहेत, आणि खिशाला झेपणाऱ्याही आहेत. आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने १९५९ ते १९७१ या काळात पॉन्टियाकच्या जाहिरातींसाठी रंगवलेली चित्रे अमेरिकन व्यावसायिक चित्रकलेचा उत्कृष्ट नमुना मानली जातात. फिट्झपॅट्रिक गाडी रंगवत आणि कॉफमन पार्श्वभूमी व माणसे. त्यांच्या चित्रांत गाडी प्रत्यक्षापेक्षा जरा अधिक रुंद आणि ठेंगणी दिसते, आणि त्यामुळेच ती मोहक वाटते.

मासिकातून कापलेली मूळ जाहिरात ओळखणे सोपे आहे. पान उलटून पाहावे. मागे दुसऱ्या लेखाचा किंवा जाहिरातीचा मजकूर असेल, तर पान मासिकातले आहे. मागची बाजू कोरी असेल, तर ती बहुधा नवी छपाई आहे. पान चौकटीत बसवताना आम्लरहित पुठ्ठा वापरावा आणि त्याला गोंद कधीही लावू नये. शोरूममधील मूळ माहितीपुस्तिकांत रंगांचे नमुने आणि सुविधांची पूर्ण यादी असल्यामुळे प्रतिकृती तपासण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

पत्र्याच्या जुन्या पाट्या, निऑन दिवे आणि घड्याळे घ्यावीत का?

सजावट म्हणून घ्यावीत, पुरातन वस्तू म्हणून घेताना अतिशय सावध राहावे. पोलादावर काचेचा मुलामा दिलेल्या जड पाट्यांचा काळ मसल कार युगापर्यंत ओसरत आला होता. १९६० च्या दशकात डीलरच्या दारावर प्लॅस्टिकच्या, आतून उजळणाऱ्या पाट्या अधिक असत. म्हणून जीटीओ किंवा हेमी असे लिहिलेली, भोकांभोवती सुबक गंज चढवलेली मुलाम्याची पाटी बहुतेक वेळा अलीकडेच बनवलेली असते. ती नवी म्हणून नव्याच्या किमतीला घेतली, तर काहीच बिघडत नाही.

विजेच्या वस्तूंबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला की दिवा चालतो, पण विजेच्या आवर्तनांवर चालणारे जुने अमेरिकन घड्याळ इथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते, आणि ट्रान्सफॉर्मरने ते सुधारत नाही. भारतात पाठवायचे असेल, तर बॅटरीवरचे घड्याळ निवडावे.

खऱ्या सुट्या भागांपासून बनवलेल्या वस्तू कशा असतात?

यांत गमतीच्या भेटींचा मोठा खजिना आहे. पिस्टनवर बसवलेले टेबल-घड्याळ, व्हॉल्व्ह कव्हरची खुंटाळी आणि चाकाच्या झाकणाचे भिंतीवरील घड्याळ सर्वत्र मिळतात. हर्स्ट कंपनीची गिअर लिव्हरवरील टी-आकाराची मूठ ही या सर्वांत माझी पसंती आहे, कारण ती त्या काळातील तरुणांनी खरोखर हौसेने विकत घेऊन बसवलेली वस्तू आहे. दुसरी तितकीच आनंददायक वस्तू म्हणजे रोड रनरचा जांभळा हॉर्न. प्लिमथने १९६८ च्या या गाडीसाठी वॉर्नर ब्रदर्सला कार्टूनमधील पक्ष्याचे नाव आणि चित्र वापरण्याचे ५० हजार डॉलर दिले, आणि त्याच पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ आवाज काढणारा हॉर्न गाडीत बसवला. त्याची नवी आवृत्ती मिळते आणि ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर वाजते. मात्र शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून ती वाजवावी.

विमानप्रवासात एक दक्षता घ्यावी. वापरलेला कार्ब्युरेटर किंवा इंधनाचा पंप, त्यात पेट्रोलचा वास उरला असेल तर, सामानात नेऊ देत नाहीत. असा भाग घेण्याऐवजी बिल्ले, मुठी आणि नामपट्ट्या घ्याव्यात.

कमी खर्चात, पण जाणकाराला पटेल असे काय देता येईल?

अमेरिकन टपाल खात्याने २२ फेब्रुवारी २०१३ रोजी डेटोना बीच येथे मसल कारवरील पाच तिकिटांचा संच प्रकाशित केला. त्यात १९६६ ची पॉन्टियाक जीटीओ, १९६७ ची शेल्बी जीटी-५००, १९६९ ची डॉज चार्जर डेटोना, १९७० ची प्लिमथ हेमी कुडा आणि १९७० ची शेव्हेल एसएस आहे. २०२२ मध्ये पोनी कारवरील संच आला, ज्यात बॉस ३०२ मस्टँग, कॅमॅरो झेड/२८, चॅलेंजर आर/टी, मर्क्युरी कूगर आणि ए.एम.सी. जॅव्हलिन आहेत. दोन्ही संचांची चित्रे टॉम फ्रिट्झ यांची आहेत. हे संच कागदाच्या पाकिटात मावतात, त्यांना वजन नसते आणि चौकटीत लावल्यावर ते देखणे दिसतात. परदेशातील नातेवाइकांकडून मागवायला यापेक्षा सोपी वस्तू नाही. जॅव्हलिनसारख्या, एरवी दुर्लक्षित राहिलेल्या गाडीचा चाहता तर तिकिटावर ती पाहून हरखून जातो.

हातांनी काही करण्याची आवड असलेल्यांसाठी लेगोचे दोन संच उल्लेखनीय आहेत : २०१९ चा १,४७१ तुकड्यांचा १९६० च्या दशकातील मस्टँगचा, आणि २०२२ चा १,४५८ तुकड्यांचा १९६९ च्या कॅमॅरो झेड२८ चा. दुसऱ्या संचात पट्ट्यांचा रंग निवडता येतो आणि छत काढता येते.

‘मर्यादित आवृत्ती’ ही गुंतवणूक ठरते का?

मर्यादा किती हजारांची आहे, हे आधी विचारावे. संग्रहासाठीच म्हणून तयार केलेल्या वस्तू सर्वच खरेदीदार जपून ठेवतात, त्यामुळे त्या दुर्मीळ होत नाहीत. १९६८ ची खेळणी दुर्मीळ झाली, कारण मुलांनी ती खेळून मोडली. मिंट कंपन्यांची अनेक मॉडेल्स आज मूळ किमतीपेक्षा कमी दरात मिळतात. आवडले म्हणून घ्यावे.

भारतात मागवताना कोणत्या अडचणी येतात?

खेळणी या वर्गातील आयात मालावरील मूलभूत सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शिवाय १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक आहे. त्यामुळे टपालाने मागवलेले पार्सल अडकण्याची आणि वस्तूच्या किमतीइतकाच भुर्दंड बसण्याची शक्यता राहते. हॉट व्हील्स, माइस्टो यांसारख्या कंपन्यांची मॉडेल्स भारतातील अधिकृत दुकानांतून घ्यावीत. कागद, तिकिटे आणि बिल्ले परदेशातून आणावेत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या वस्तू कुठे शोधाव्यात?

न्यू जर्सीतील कुटुंबांना पेनसिल्व्हेनियातील दोन मेळे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहेत. कार्लाइल येथील मेळ्यांत क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी स्वतंत्र दिवस असतात, तर हर्शी येथे ऑक्टोबरमध्ये जुन्या सुट्या भागांचा आणि कागदपत्रांचा प्रचंड बाजार भरतो. डेट्रॉईट परिसरात वाहन उद्योगात काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. त्यांच्या दारातच ऑगस्टमध्ये, १९९५ पासून, वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. जवळच्या डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात पहिल्या क्रमांकाची मस्टँग ठेवलेली आहे. मेळ्यात जाताना सकाळी लवकर जावे आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. विक्रेत्याशी भाव करण्याआधी त्याच्याकडून वस्तूची हकिकत ऐकून घ्यावी; अशा बऱ्याच विक्रेत्यांनी त्या गाड्या नव्या असताना चालवलेल्या असतात.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत हा संग्रह कसा टिकवावा?

डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेले, मॉडेल जस्ताच्या मिश्रधातूचे असते. ओतकामाच्या वेळी त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर दमट हवेत धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. यावर उपाय नाही. रंगाखाली भेगा किंवा दाराच्या फटी असमान झालेल्या दिसल्या, तर ते मॉडेल विकत घेऊ नये. नवे मॉडेल मूळ खोक्यातील थर्मोकोलमध्ये प्लॅस्टिक गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवल्यास आत अडकलेल्या ओलाव्याने रंगावर फोड येतात. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ते प्लॅस्टिक काढावे, काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर काही आठवड्यांनी वाळवाव्यात.

मऊ टायर प्लॅस्टिकच्या तळाला चिकटून तो वितळवतात, कारण त्यांतील तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये उतरते. म्हणून गाडीच्या पोटाखाली छोटा ठोकळा ठेवून चाके किंचित उचललेली ठेवावीत. लाल आणि नारिंगी रंग व चिकटवलेली चित्रे उन्हाने लवकर फिकट होतात, तेव्हा कपाट खिडकीसमोर नसावे. पाकीटबंद गाड्यांसाठी पीव्हीसीची पिशवी टाळून पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईटीचे आवरण वापरावे.

पाकीट उघडावे का?

१९७७ पूर्वीच्या सीलबंद गाडीचे पाकीट उघडू नये, कारण तसे पाकीट आता पुन्हा तयार होणार नाही. आजची साधी गाडी मुलाला भेट दिली असेल, तर ती त्याने उघडावी आणि फरशीवर मनसोक्त पळवावी. तीन वर्षांखालील मुलांना मात्र सुटी चाके गिळण्याचा धोका असल्यामुळे ती देऊ नये.

वस्तूसोबत कोणती माहिती जपावी?

पावती, खरेदीचे ठिकाण आणि तारीख, आधीच्या मालकाने सांगितलेली हकिकत, आणि दुरुस्ती झाली असल्यास तिचा तपशील वेगळ्या कागदावर लिहून वस्तूजवळ ठेवावा. मूळ कार्डावर किंवा खोक्यावर किमतीचे लेबल, शाई किंवा चिकटपट्टी लावू नये. दुकानदाराने १९६९ मध्ये लावलेले मूळ किमतीचे लेबल असेल, तर ते मात्र काढू नये, कारण तो त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे.